ऑर्गनची डावी बाजू

अड्याळच्या बाजारात भोजराजचं भांड्यांचं दुकान आहे. पितळेचे गुंड, आंदणाची ताटं, वर नाव कोरून पाहिजे तर तेही. दुकान बरं चालतं. पण जे बरं चालतं त्याचं माणसाला कौतुक नसतं, हे काय नव्यानं सांगायचं! भोजराजचा जीव अडकला होता पेटीत. गावच्या भजनी मंडळात तो कितीतरी वर्षं हार्मोनियम वाजवत आला होता. चांगली वाजवायचा का? आता विचारताच आहात म्हणून सांगतो. गाणाऱ्याच्या मागं मागं यायचा, जरा उशिरानं यायचा, पण यायचा नक्की. लोकांनी चालवून घेतलं होतं.

मग एक दिवस कृष्णरावांनी तोंड उघडलं. कृष्णराव म्हणजे मंडई समितीचे अध्यक्ष. आपल्याकडे दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात, दिवसा दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो आणि रात्री नाटक. दंडार सुरू व्हायच्या आधी गावच्या वाजवणाऱ्यांना स्टेजवर थोडा वेळ मिळतो, आणि तो वेळ म्हणजे आपली बापजाद्यांची धानाची बांधी असल्यासारखा भोजराज त्यावर हक्क सांगायचा. कृष्णराव चार माणसांत म्हणाले, "भोजराज, आता पेटी कोण आयकते गा? लोकायले ऑर्गन पाहिजे. पुढच्या मंडईले ऑर्गन आणशीन तं स्टेज तुझा. नाई तं मी बाहेरची पार्टी बोलावतो."

भोजराजला ते फार लागलं. घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि बायकोला म्हणाला, "माझा स्टेज गेला तं मी काय राह्यलो? गंज-बगोणे इकणारा!"

त्याची बायको देवकाबाई, माहेर आंबागडचं. ती म्हणाली, "गंज-बगोण्यावरच जेवून राहिले ना तुमी? जेवा मंग."

तर अशा रीतीनं ऑर्गन घ्यायचं ठरलं. खरं तर तो कीबोर्ड. पण झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी त्याला ऑर्गन म्हटलं, म्हणून आपण सगळे ऑर्गनच म्हणतो. दुनियेनं काही म्हणो. नवा परवडण्यातला नव्हता असं नाही, पण मोबाईलवरच्या एका मास्तरानं भोजराजच्या डोक्यात भरवलं होतं की शिकणाऱ्यानं जुनाच घ्यावा. जुन्याचे ठेके दमदार, बटणं मोठी, आणि फालतू गोष्टी कमी. मास्तर हे सगळं एका कोऱ्या करकरीत कीबोर्डावर हात ठेवून सांगत होता, ते भोजराजच्या लक्षात आलं नाही.

जुना ऑर्गन मिळाला वडशात. तिथल्या एका नाटक कंपनीचा ऑर्गनवाला घनश्याम आपला विकत होता. काळा, लांबलचक, बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसलेली. घनश्यामनं उभ्या उभ्या सगळी विद्या सांगून टाकली. "पट्ट्यायचे दोन भाग. उजव्या हातानं गाणं वाजवाचं. डाव्या अंगाले नुसतं एक बोट ठेवाचं, का ढोलक, बास, गिटार सगळी पार्टी सुरू. बोट जिथं ठेवसान तिथला सूर धरून पार्टी मागं येते. बोट बदललं का पार्टी बदलते. बस."

"इतकंच?"

"इतकंच. म्हणून तं मी नाटकात डुलक्या घेता घेता वाजवतो."

भोजराजनं ऑर्गन चादरीत गुंडाळला, मोटरसायकलवर मागं आडवा बांधला आणि आजारी माणसाला दवाखान्यातून घरी आणावं तसा सांभाळून आणला. सोबतचं माहितीचं पुस्तक कोणत्या भाषेत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. अॅडॉप्टरच्या वायरला ठिकठिकाणी चिकटपट्ट्या. दोन पट्ट्या दाबल्या की वरच येईनात. त्या उचकून पाहिल्या तर आत खर्रा! घनश्यामच्या कितीतरी सीझनची सुपारी आणि तंबाखू तिथं सुखानं नांदत होती. देवकाबाईनं केसातली पिन काढून ती सगळी कोरून काढली आणि म्हणाली, "बाजा घेतला का पानठेला?"

पहिल्या दिवशी भोजराजनं 'डेमो' असं लिहिलेलं बटण दाबलं. झालं! अख्खा आर्केस्ट्रा घरात घुसला. तुताऱ्या काय, ढोल काय, व्हायोलिनं काय. गल्ली गोळा झाली. शेजारची रुखमा कडेवर नातू घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माय वो! आणला नाई तं भोजराजभाऊले इतकं आलंबी!" भोजराजचे हात योगायोगानं पट्ट्यांवरच होते. ते त्यानं काढले नाहीत. खोटं बोलला असं म्हणता येणार नाही, कारण कोणी विचारलंच नाही. देवकाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं एकदा ऑर्गनकडं आणि एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बोटं हालवा थोडेसे, तं खरं वाटन."

गर्दी पांगली आणि खरी शिकवणी सुरू झाली. तेव्हा कळलं की भोजराजला डावा हातच नाही.

म्हणजे हात होता, पण तो वाजवणाऱ्याचा हात नव्हता. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर एकच काम करतो: भाता मारायचा. उजवा सुरांवर आणि डावा भात्यावर. भोजराजचा डावा हात या कामात इतका मुरला होता की उजवीकडं गाणं सुरू झालं की तो आपोआप आतबाहेर, आतबाहेर हलायला लागायचा. पेटीला ते पाहिजे होतं. ऑर्गनला नको होतं. भोजराज डावं बोट नेमून दिलेल्या पट्टीवर ठेवायचा, उजव्या हातानं भजनाची चाल काढायचा, आणि दुसऱ्या ओळीला डावा हात उचलून हवा भरायला निघायचा. परत खाली पडायचा तो भलत्याच पट्टीवर. की सगळी पार्टी, ढोलक-बास-गिटार सकट, त्या भलत्या सुराला धावायची. भजन एकीकडं आणि वऱ्हाड दुसरीकडं!

त्यानं उपाय कमी केले नाहीत. हातावर तांदळाची थैली ठेवून पाहिली. दुपट्ट्यानं मनगट टेबलाला बांधून पाहिलं, तर हातानं टेबलच हलवायला सुरुवात केली. मोबाईलवरचा मास्तर रोज हसून म्हणायचा, "बहुत आसान है दोस्तों." भोजराजनं एकदा त्याला मोबाईलच्या तोंडावर नागपुरी शिवी दिली. पावसाळा लागला, धानाचे रोवणे आटोपले, पोळा झाला, आणि डावा हात हवा भरतच राहिला. मंडई जवळ येत चालली होती. रस्त्यात कृष्णराव भेटले की विचारायचे, "काय गा, सांगू का बाहेरच्या पार्टीले?" आणि भोजराज म्हणायचा, "काही गरज नाई. तयारी जोरात सुरू आहे." आणि घरी येऊन पांघरूण घेऊन निजायचा.

एक दिवस देवकाबाई गव्हातले खडे वेचत बाजूला बसली होती. तीच ओळ, तीच घसरगुंडी, शंभरदा ऐकून तिचं डोकं उठलं. ती म्हणाली, "सरका तिकडं. तुमचा हात बसत नाई तं मी दाबतो. कुठं दाबाचं ते सांगा."

भोजराजला ते एकदम पटलं. पेटीवर नाही का, वाजवणारा दमला की दुसरा कोणी भाता मारतो? तेच हे. भाता मारणाऱ्याला कोणी कलाकार म्हणत नाही. तसंच बायकोनं डावी पट्टी दाबली तर बिघडलं काय! त्यानं डाव्या पट्ट्यांवर तिच्याच टिकल्या चिकटवल्या, लाल, हिरवी, पिवळी. आणि शिकवलं, "मी मान हालवली का लाल. डोळा मारला का हिरवी. खाकरलो का पिवळी."

"लोकायच्या समोर डोळा माराल?"

"संगीत आहे ते!"

पहिले चार दिवस ती त्याच्या तोंडाकडं बघून दाबत होती. मग बघेनाशी झाली. आता देवकाबाईची एक गोष्ट भोजराजला लग्नाला इतकी वर्षं होऊनही नीटशी ठाऊक नव्हती. आंबागडच्या बांध्यांमध्ये रोवण्याच्या बायकांच्या ओळीत पहिलं गाणं कायम हीच उचलायची. चिखलात पाय, पाठ वाकलेली, आणि पंधरावीस बायकांचे हात हिच्या गाण्यावर एका वेळी खाली जायचे. गाणं कुठं वळणार हे तिला वळणाच्या आधी कळायचं. त्यामुळं भोजराज डोळा मारायच्या आतच ती हिरव्या टिकलीवर पोचलेली असायची, आणि त्यानं उशिरा मारलेला डोळा फुकट जायचा.

मग ती ठेक्यांच्या बटणांना हात घालायला लागली. ती सगळी डाव्याच अंगाला होती. ऑर्गनमध्ये भजनी ठेका नव्हता, पण 'पोल्का' नावाचा एक निघाला. परदेशात लोक त्यावर काय करतात देव जाणे. थोडा हळू केला की आपलं भजन त्यावर फतकल मारून बसतं. देवकाबाई हळू सुरू करायची, कडव्याकडव्याला वेग चढवायची, मध्ये ढोलकची एक उलटी थाप टाकायची आणि शेवटी बटण दाबून असा थाटात शेवट करायची की भोजराजचं गाणं अजून संपायचं असलं तरी संपायचं.

"अवो, माझी ओळ बाकी होती!"

"मंग लवकर वाजवत जा ना. लोकं का तुमच्यासाठी थांबून राह्यतीन?"

भोजराज दुकानात मात्र खुशीत सांगायचा, "बसला हात. आता ऑर्गन आपल्या मुठीत आहे. घरच्यांची थोडी मदत होते, भाता मारल्यासारखी." आणि अलीकडं एक नवीनच त्रास होता. संध्याकाळी दुकान बंद करून यावं, तर ऑर्गनच्या उजव्या पट्ट्यांना त्यानं लावून ठेवलेला बासरीचा आवाज नसायचा. भलताच कुठला तरी आवाज लागलेला असायचा. जुनी मशीन, आपोआप बदलत असेल, असं म्हणून तो पुन्हा बासरी लावायचा.

कृष्णरावांना निरोप गेला. स्टेज मिळाला. भोजराजनं भंडाऱ्याहून फ्लेक्स छापून आणला: मोठ्ठा स्वतःचा फोटो, गळ्यात शेला, आणि खाली 'ऑर्गनसम्राट भोजराज'. आता एकच अडचण उरली. सम्राटाच्या डाव्या बाजूला बायको बसलेली लोकांना दिसली तर?

"लोकं म्हणतीन, बायकोच्या भरवशावर वाजवते," भोजराज म्हणाला. "तू असं कर. फ्लेक्सच्या मागं बस."

"मागं?"

"फ्लेक्सले एक चीर पाडतो. ऑर्गनचा अर्धा भाग पुढं, अर्धा मागं. माझा डावा हात मी त्या चिरेतून आत घालून ठेवतो. पाहणाऱ्याले वाटन, दोन्ही हात माझेच."

देवकाबाईनं एकदा फ्लेक्सवरचा मोठ्ठा फोटो पाहिला. मग तिनं विचारलं, "अन् मागं पंखा लावाल का? गरम होते तिथं." एवढंच. भोजराजला भरून आलं. अशी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं, असं त्याला वाटलं. मंडईत हजार माणसांसमोर वाजवायला मिळतंय म्हणून ती फ्लेक्समागं काय, विहिरीत बसूनही वाजवायला तयार होती, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारपासून गर्दी. फुगेवाले, जिलेबीच्या कढया, बैलगाड्या कमी आणि मोटरसायकली जास्त. आंबागडहून देवकाबाईचा धाकटा भाऊ राजकुमार आला होता, आणि त्याच्यासोबत तिथल्या मंडई समितीचा नत्थू. राजकुमार पहिल्याच ओळीत मोबाईल सरसावून बसला. भाऊजींची पेटी त्यानं पूर्वी ऐकली होती, आणि ती ऐकून तो काय काय बोलला होता ते भोजराज विसरला नव्हता.

कृष्णरावांनी माईकवर नाव पुकारलं. भोजराजनं नमस्कार केला, बसला, डावा हात चिरेतून आत घातला. आतून देवकाबाई कुजबुजली, "हात रिकामाच आहे ना तुमचा? मंग माझी पिशवी धरा, इथं खाली वल आहे, भिजन ते." आणि सम्राटाच्या डाव्या हातात पिशवी आली.

लाल टिकली दबली आणि ठेका सुटला. अहाहा! मोठ्या स्पीकरांवर त्या जुन्या ऑर्गनचा बास असा घुमला की जिलेबीवाल्याची झारी थांबली. पहिलं भजन ठीक गेलं. भोजराजची बासरी थोडी मागं होती, पण होती. दुसरं भजन वेगाचं. पोरं उठली, मग माणसं उठली, मग मागं बायका टाळ्या वाजवायला लागल्या. भोजराजनं समोर पाहिलं. राजकुमार चक्क उभा राहून नाचत होता, आणि मोबाईल सरळ भोजराजच्या तोंडावर धरलेला.

आणि भोजराज चाल विसरला.

साफ विसरला. बोटं पट्ट्यांवर थिजली. आता गाडी थांबणार, आता लोक हसणार, आता कृष्णराव बाहेरच्या पार्टीला फोन लावणार. पण गाडी काही थांबेना. फ्लेक्समागं देवकाबाईला बासरी बंद झालेली कळली असणार. तिनं ठेका तोडला नाही. हिरवी, पिवळी, लाल, एक उलटी थाप, पुन्हा लाल. वेग वाढत गेला. लोक बेभान नाचत होते. भोजराज पट्ट्यांपासून वीतभर वर हवेत बोटं नाचवत बसला. पूर्ण दोन कडवी त्यानं एक सूरही वाजवला नाही, आणि कोणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही. उलट कृष्णराव माईकवर ओरडले, "भोजराजच्या ऑर्गनवर खूश होऊन मंडई समितीकडून शाल अन् नारळ!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

भोजराजला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग सगळं लक्षात आलं. इतकी वर्षं ज्या टाळ्यांसाठी जीव टाकला त्या टाळ्या आल्या होत्या, आणि त्या आल्या तेव्हा आपण नुसते पिशवी धरून बसलो होतो. ही गोष्ट त्याला धड गिळता येईना.

कार्यक्रम संपला. दंडारवाले तयारीला लागले. राजकुमार आणि नत्थू धावत स्टेजवर आले. राजकुमारनं कधी नव्हे ते भाऊजींचे पाय धरले. "भाऊजी, मानलं तुमाले! आमच्या मंडईत याच लागन. सोमवारी. नत्थूभाऊ तुमाले बोलवाले म्हणूनच आला."

नत्थू म्हणाला, "येवाच लागते. फक्त एक गोष्ट, रागावू नका. ते वरची बासरी होती ना, ते थोडी कमी ठेवजा. मधामधात येत होती. ठेक्याची मजा जाते."

माणसाला चपराक बसावी आणि मारणाऱ्याला पत्ताही नसावा, तसं झालं. भोजराज खाली बघत राहिला. डाव्या हातात अजून पिशवी होती. आणि मग, त्याचं त्यालाही नवल वाटावं असं, तो खरं बोलला.

"बासरी माझी होती," तो म्हणाला. "बाकी सगळं तुमची बाई, आमची देवका, वाजवत होती. मागं बसून आहे."

दोघं पोट धरून हसले. नत्थू म्हणाला, "पाहा! कलाकार मोठा झाला का असाच नम्र होते."

"खरं सांगून राहिलो बापा!" भोजराजनं फ्लेक्स बाजूला सारला. मागं देवकाबाई पदरानं तोंड पुसत होती. राजकुमारनं बहिणीला विचारलं, "बाई, तू इथं होती? चहा आणला का?"

भोजराज इरेला पेटला. "देवका, दाखव यायले वाजवून. आत्ताच्या आत्ता."

देवकाबाईनं भावाकडं पाहिलं. ती बसली, तिनं पदर खोचला आणि लाल टिकलीवर बोट ठेवलं. ठेका सुटला. तोच पोल्का, तोच बास, तीच वळणं. जिना चढावा तसा वेग चढला. राजकुमार आणि नत्थू वाकून तिच्या बोटाकडं बघत राहिले. भोजराजची छाती भरून आली. आता तरी पटेल.

नत्थू सरळ झाला. "अस्सं! एकच बोट ठेवलं का होते? म्हणजे मशीनच वाजवते हे सगळं!"

"मंग काय," राजकुमार म्हणाला. "याच्यात बाईनं काय केलं? हे तं कोणीबी दाबन. भाऊजीच्या हाताची गोष्ट येगळी."

भोजराजचं डोकं सणकलं. "माझ्या हाताची? अरे, माझा हात हवेत होता! दुसरा पिशवी धरून होता!" कोणी ऐकेना. शेवटी तो ओरडला, "आयका मंग. फ्लेक्सवर हिचं नाव टाकसान, माझ्या नावाच्या वरत, तं आमी येतो. नाई तं येत नाई. आंबागडची मंडई तुमची तुमाले लखलाभ!"

नत्थूला ते लागलं. "बायामाणसाचं नाव सम्राटाच्या वरत? ऱ्हाऊ द्या मंग," म्हणून तो जिना उतरला. राजकुमारही तोंड पाडून त्याच्या मागं गेला.

भोजराजनं सुस्कारा टाकला. जन्मात पहिल्यांदा बाहेरगावचं बोलावणं आलं होतं, आणि ते त्यानं बायकोच्या मानासाठी लाथाडलं होतं. दुःख होतंच, पण आत कुठंतरी फार मोठं काहीतरी केल्यासारखंही वाटत होतं. आता देवकाबाईचे डोळे भरून येतील, असा त्याचा अंदाज होता. तो तिच्याकडं वळला.

"मले इचारलं का?" देवकाबाई म्हणाली.

"काय?"

"नाई म्हणाच्या आधी मले इचारलं का? फ्लेक्सच्या मागं बसवलं तवा इचारलं नाई. आता नाई म्हणून टाकलं, तवाबी इचारलं नाई. माझ्या माहेरची मंडई होती ते! माझ्या मायच्या गावात वाजवाले भेटत होतं मले. नाव कोणाचं राह्यते त्याचं मी का लोणचं घालू?" खोचलेला पदर तिनं हिसकून काढला. "मान मान म्हणून माझाच घास काढला तुमी तोंडातला."

देवकाबाई उठली, जिना उतरली आणि गर्दीतून हाका मारत गेली, "राजू! ए राजू! थांब जरासा!" भोजराज पिशवी घेऊन तिच्या मागं धावला.

राजकुमार आणि नत्थू जिलेबीच्या दुकानापाशी थांबले. देवकाबाई धापा टाकत म्हणाली, "सोमवारी किती वाजता आहे? मी येऊन राहिली."

"पण भाऊजी तं नाई म्हणाले."

"ते नाई म्हणाले. मी म्हणाली का?"

राजकुमार चाचरला. "पण बाई, लोकं म्हणतीन, मशीनच वाजवते…"

"मंग मशीनले बोलवा. मशीन एकटं चालत येत नाई ना? त्याले घेऊन मी येतो. फ्लेक्स नको, नाव नको, पडदा तं अजिबात नको. नुसती चांगली सतरंजी टाका."

नत्थूनं राजकुमारकडं पाहिलं. वाजणारी गोष्ट तर मिळत होती, आणि फ्लेक्सचा खर्चही वाचत होता. तो म्हणाला, "या मंग. आमचं काय जाते."

देवकाबाईनं मान डोलावली, पदर नीट केला आणि परत फिरली. समोर भोजराज उभा. स्टेजवर दंडारीचा ढोल वाजायला लागला होता, लोक जागा धरायला पळत होते, आणि त्यांच्या मध्येच तो पिशवी छातीशी धरून उभा होता.

"अन् गाणं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "वरचं गाणं कोण वाजवन, देवका? उजवा हात?"

देवकाबाईनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या खांद्याला अडकवली.

"उजवा हात मलेबी आहे," ती म्हणाली.